लोकरीखालच्या अळ्या

ती मेंढी दोन दिवस कळपापासून जरा बाजूला राहत होती आणि दोन्ही दिवस मी तिला बघितलं होतं. मागचा पाय आपटायची, शेपूट झटकायची, चरता चरता मधेच थांबून मान वळवायची नि स्वतःच्या मांडीला तोंड लावायची. माशा सतावत असतील, असं म्हणून मी पुढे गेले. माशांनीच सतावलं होतं, पण मला वाटलं तसं नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. जवळ गेले तर शेपटीखालची लोकर काळपट, ओलसर, चिकट दिसत होती. तळहाताएवढा डाग. आधीच्या आठवड्यात कळपाला कोवळं, पाणीदार गवत मिळालं होतं आणि बऱ्याच जणी पातळ हगत होत्या. तीच घाण सुकली असणार, असा माझा हिशेब. धुवायला म्हणून दोन्ही हातांनी लोकर फाकवली आणि हात झटकन मागे आले. कातडी दिसतच नव्हती. सगळं वळवळत होतं. उजेड लागताच अळ्या आत, लोकरीच्या मुळाशी पळायला लागल्या. वास सडका, त्यात नाकाला झोंबणारा अमोनिया. आणि त्या जागेची ऊब, अंगातल्या तापापेक्षा वेगळी, हाताला चटकन कळणारी.

धाकटा भाऊ तिला धरून बसला होता. तो म्हणाला, "ताई, हे आजचं नाहीये."

नव्हतंच ते आजचं. मेंढी पाय आपटत होती त्या पहिल्याच दिवशी अळ्या कामाला लागलेल्या होत्या. हिरव्या चकचकीत अंगाची माशी एका वेळी दोन-अडीचशे अंडी घालते. हवा उबदार आणि दमट असली की १२ ते २४ तासांत अंडी फुटतात. अळी तोंडातल्या आकड्यांनी कातडी खरवडते, वर पाचक रस सोडते आणि विरघळलेलं पिऊन वाढते. तीन ते पाच दिवसांत ती पूर्ण वाढून खाली गळून पडते आणि मातीत शिरून कोष करते. उन्हाळ्यासारखी ऊब असेल तर अंड्यापासून माशीपर्यंतचा सगळा प्रवास दोन-तीन आठवड्यांत संपतो. हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच कळत होतं की हे थांबवायचंय.

मी दोन चुका लागोपाठ केल्या. पहिली म्हणजे ओंजळीने अळ्या आणि ओली लोकर काढून तिथेच गोठ्याच्या मातीत टाकली. दुसरी म्हणजे घरात टर्पेंटाइन होतं, ते सगळ्या जागेवर भसाभस ओतलं. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं डोक्यात होतं. मेंढीने जी उसळी मारली, ती भावाच्या हनुवटीला लागली. मग डॉक्टरांना फोन केला. खरं तर तो आधी करायचा.

"आधी लोकर काढा," डॉक्टर म्हणाले. "औषध नंतर. लोकर असताना औषध ओतलं तर ते वरच्यावर राहतं. निरोगी, कोरडी कातडी दिसेपर्यंत कातरा, आणि तिथून पुढे आणखी तीन बोटं."

कातरायला दीड तास लागला. ओली, गुठळ्या झालेली लोकर कातरीत अडकते, आणि खालची कातडी इतकी हळवी झालेली असते की एक चुकीचा हात आणि नवी जखम. तळहाताएवढा वाटलेला डाग कातरत गेलो तसा पसरतच गेला. शेपटीखालून मांडीवर, मांडीवरून पोटाच्या बाजूला. यावेळी कातरलेला प्रत्येक झुपका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला, तोंड घट्ट बांधलं आणि पिशवी कडक उन्हात ठेवली. आत अळ्या भाजून मरतात. सकाळी मातीत टाकलेल्या मात्र कधीच आत शिरल्या होत्या. दोन आठवड्यांनी गोठ्यात ज्या नव्या माशा दिसल्या, त्या मीच पेरल्या होत्या असं मला अजून वाटतं.

जागा उघडी झाल्यावर कोमट पाण्याने धुतली, टिपून कोरडी केली. दुपारी डॉक्टर आले. टर्पेंटाइनने लाल झालेली कातडी बघून ते आधी माझ्याकडे बघत राहिले. टर्पेंटाइनचा उपयोग आहे, पण खोल, भोकासारख्या जखमेत आणि बोळ्यावर थोडंसं घेऊन. अळी डोकं मांसात खुपसून बसते आणि मागच्या टोकाच्या छिद्रांनी श्वास घेते. बोळा काही मिनिटं ठेवला की ती गुदमरून वर येते आणि चिमट्याने एकेक उचलता येते. पसरट, उघड्या, सोललेल्या कातडीवर ते ओतणं म्हणजे नुसती आग. रॉकेल, फिनाइल हे तर कुठल्याच जखमेवर नको.

त्यांनी अळ्या मारणारं औषध लावलं, वेदना कमी करणारं आणि जंतुसंसर्गाचं अशी दोन इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. जखमेतून अमोनिया आणि बाकीचं विष रक्तात शोषलं जातं. मेंढी कोसळते ती त्याने, नुसत्या जखमेने नाही. म्हणून पाणी आणि सावली यांना औषधाइतकीच किंमत. काम करता करता त्यांनी एक गंमत सांगितली. हिरव्या माशीच्या एका जातीच्या, ल्युसिलिया सेरिकाटाच्या, निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या माणसांच्या न भरणाऱ्या जखमा साफ करायला वापरतात. अमेरिकेत २००४ साली त्यांना वैद्यकीय वापराची परवानगी मिळाली. हनुवटी चोळत भाऊ म्हणाला, "इथं त्यांना कुणी बोलावलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढी उभी होती, दोन घास खाल्ले होते. मी खुशीत. जखमेवर औषध लावताना भावाला कातरलेल्या जागेच्या कडेशी लोकरीची एक ओली रेघ दिसली. बोटभर रुंद, बरगडीकडे जाणारी. कातरली तर तिच्या टोकाला अळ्यांचा आणखी एक घरटाभर गोळा. काल तीन बोटं पुढे जायचं सांगितलं होतं, मी दमून दोनच गेले होते. त्यानंतर आठवडाभर रोज दोनदा मी ती जागा बघितली. बोटं फिरवून, डोळ्यांवर न सोडता.

त्याच दिवशी आम्ही कळपातल्या ४१ च्या ४१ जणींना धरून तपासलं. शेपटीखाली, मांड्यांच्या मध्ये, खांद्यांवर, पाठीच्या कण्यावर, मेंढ्यांच्या शिंगांच्या बुडाशी, खुरांच्या बेचक्यात. आणखी चार निघाल्या. दोघींच्या शेपटीखाली नुसती अंडी होती, पिवळट पांढरे पुंजके, एकमेकांना चिकटलेले. तेवढी लोकर कातरली की काम झालं, दहा मिनिटांचं. एका मेंढ्याने दुसऱ्याशी टकरा खेळून शिंगाच्या बुडाशी जखम करून घेतली होती, तिथे खोलवर अळ्या. त्याला मात्र बोळ्याचा उपाय लागला. २३ अळ्या मोजल्या मी, का मोजल्या ते माहीत नाही.

चौथं कोकरू होतं. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. डाग नाही, जुलाब नाही. आठ-दहा दिवस पावसात भिजत होतं आणि दोन खांद्यांच्या मध्ये लोकर मुळाशी वाळलीच नव्हती. सतत ओल राहिली की तिथली कातडी सुजते, जिवाणू वाढतात, लोकर हिरवट-पिवळी पडून कुजायला लागते आणि त्या वासावर माशी येते. जखम लागतेच असं नाही. लोकर फाकवली तेव्हा खाली कातडी नव्हती. आम्ही कातरलं, डॉक्टर पुन्हा आले, पण ते रात्री गेलं. सकाळी लगेच खोल खड्ड्यात पुरलं. मेलेलं जनावर उघड्यावर राहिलं तर त्यावर आणखी माशा पोसल्या जातात, एवढं तोवर शिकले होते.

माझा राग माशीवर होता, पण डॉक्टर तिच्याबद्दल फार बोलतच नव्हते. ते विचारत होते लेंड्यांबद्दल. लेंड्या घट्ट कधीपासून नाहीत? गवत कधी बदललं? जंताचं औषध कधी दिलं, कुठलं, वजन करून का अंदाजाने? माझी उत्तरं एकेक करत पडत गेली. पाच मेंढ्यांच्या लेंड्या तपासायला दिल्या, तिघींमध्ये जंतांची अंडी भरपूर. म्हणजे कोवळं गवत हे अर्धंच कारण होतं. जंतांनी जुलाब, जुलाबाने मागची लोकर चिकट, चिकट लोकरीवर माशी, असा सगळा रस्ता मीच आखून दिला होता. एकदा एका मेंढीला अळ्या पडल्या की तिच्या जखमेचा वास आणखी माशांना बोलावतो, मग त्याच मेंढीवर थर चढत जातात.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि त्यानेच फरक पडतो. वजन करून जंतनाशक पाजलं आणि काही दिवसांनी लेंड्या पुन्हा तपासल्या, कारण औषध पाजलं म्हणजे जंत मेले असं नाही. कोवळ्या गवतावर सोडायचं तर आधी वाळला चारा पोटात घालून, आणि सुरुवातीला थोडा वेळच. सगळ्यांच्या शेपटीभोवतीची आणि मांड्यांमधली लोकर माशांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कातरायची. पूर्ण कातरणीची वेळही अशी धरली की दमट, उबदार दिवसांत लोकर आखूड असेल. आखूड लोकर लवकर वाळते, तिच्यात माशीला हवी तशी ओल टिकत नाही.

औषधाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे माझा मोठा गैरसमज होता. सायरोमॅझिन, डायसायक्लॅनिल अशी जी प्रतिबंधक औषधं आहेत, ती माशीला हाकलत नाहीत आणि मोठ्या अळीला मारतही नाहीत. लहान अळीला कात टाकू देत नाहीत, त्यामुळे ती वाढायच्या आधीच मरते. म्हणजे माशा बसताना दिसतील, अंडीही दिसतील, आणि तरी औषध काम करत असेल. उलट, आधीच अळ्या पडलेल्या मेंढीवर हेच औषध ओतून गप्प बसलं तर मेंढी जाईल. तिला कातरणं आणि अळ्या मारणारं वेगळं औषधच हवं. दुसरं म्हणजे ही औषधं जिथे लागतात मुख्यतः तिथेच राखण करतात. पाठीवर पट्टा मारून शेपटीखाली राखण होत नाही. पहिल्या वेळी मी घाईत चार-पाच जणींना नुसता पाठीवर फवारा मारला होता, त्या पुन्हा धरून आणाव्या लागल्या. राखण किती आठवडे हे औषधाच्या प्रकारावर आणि तीव्रतेवर, काहींची १६ आठवड्यांपर्यंत. दरवर्षी तेच एक औषध वापरत राहिलं तर माश्या त्याला पचवायला शिकतात. ऑस्ट्रेलियात ल्युसिलिया क्युप्रिना या माशीच्या बाबतीत डायसायक्लॅनिलचं तसं झालेलं आहे.

डब्यावर आणखी एक ओळ बारीक अक्षरात असते, औषधानंतर किती दिवस मांस, दूध, लोकर वापरायची नाही त्याची. मी ती तारीख आता भिंतीवरच्या तक्त्यात मेंढीच्या बिल्ल्याच्या नंबरासमोर लिहिते. एकदा दोन नर द्यायचं ठरलं होतं आणि तारखेला अजून नऊ दिवस होते. गिऱ्हाईक चिडलं. चिडू दे.

माशा पकडायचे सापळेही लावून बघितले. आत कलेजीचं आमिष. माशा भरपूर मिळतात आणि बघून समाधान वाटतं, पण सापळ्याच्या भरवशावर लोकर घाण ठेवली तर काही उपयोग नाही. माझ्यासाठी त्यांचा खरा फायदा वेगळाच निघाला. सापळ्यात हिरव्या माशा पडायला लागल्या की हंगाम सुरू झाला हे कळतं. मागची लोकर घाण होऊ नये म्हणून काही जण शेपूट कापतात, त्याबद्दल बरीच मतं आहेत. मी कापत नाही. कापायचीच असेल तर मादीची योनी झाकली जाईल इतकी तरी ठेवायला हवी, फार आखूड कापलेल्या शेपटीने त्रास वाढतो. ऑस्ट्रेलियात मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या मागच्या सुरकुतलेल्या कातडीचा तुकडाच, तिथे माशीला जागा मिळू नये म्हणून, कापून टाकायची पद्धत आहे, न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मी त्यापेक्षा ज्यांच्या मागे सुरकुत्या कमी आणि लोकर विरळ, ज्यांना जुलाब सहसा लागत नाहीत, त्यांचीच पिल्लं पैदाशीला ठेवते. याला वर्षं लागतात.

यंदा हंगामाच्या पहिल्या दमट आठवड्यात एक मेंढी पाय आपटताना दिसली. हातातलं काम टाकून गेले. शेपटीखाली अंड्यांचा एक पुंजका, अजून न फुटलेला. कातरला, पिशवीत टाकला.

ती पहिली मेंढी अजून कळपात आहे. त्या जागेवर लोकर परत आली, जरा राठ. कातर हातात दिसली की ती कळपाच्या मधोमध घुसते, त्यामुळे तिची तपासणी नेहमी सगळ्यात शेवटी होते.