साठ लिटर पाणी आणि अण्णा

लॉस एंजेलिसहून निघताना डिकीत सगळ्यात आधी पाणी चढलं. वाळवंटात माणशी दिवसाला किमान 1 गॅलन जवळ ठेवा, असं इथली राष्ट्रीय उद्यानं सांगतात. चौघांचे चार दिवसांचे 16 गॅलन, म्हणजे 60 लिटर. तंबू, शेगडी, डाळ-तांदूळ आणि भाजणीचा डबा उरलेल्या जागेत बसवला. माझे वडील, अण्णा, म्हसवडहून पहिल्यांदाच इकडे आले होते. माणदेशात सत्तर वर्षं काढलेल्या माणसाला वाळवंट काय दाखवायचं, असं मला वाटत होतं. त्यांनी कॅन मोजले आणि म्हणाले, "टँकरची वाट बघण्यापेक्षा हे बरं. पाणी आपल्याबरोबर."

पहिल्या दोन रात्री जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातल्या जंबो रॉक्सला मुक्काम होता. तांबूस खडकांच्या ढिगांमधून तंबूच्या जागा आखलेल्या, पण नळ एकही नाही. जमीन इतकी कडक की मेखा शिरेनात. शेवटी तंबूचे दोर दगडांना बांधले. मार्चचा पहिला आठवडा होता. दुपारी टोपीशिवाय उभं राहवेना आणि पहाटे कानटोपीशिवाय झोप लागेना.

सकाळी रायन माउंटनची वाट धरली. जाऊन-येऊन 3 मैल आणि सुमारे 1,000 फुटांची चढण. अण्णा वाटेतच एका जोशुआच्या झाडाशी थांबले. फांद्यांच्या टोकांना हिरवट पांढऱ्या फुलांचे घट्ट गुच्छ आले होते. हे झाड एका छोट्या पतंगावर जगतं. पतंगाची मादी परागकण गोळा करते, दुसऱ्या फुलात मुद्दाम नेऊन भरते आणि तिथेच अंडी घालते. अळ्या थोडं बी खातात, उरलेल्यातून झाडाचा वंश चालतो. हे सांगितल्यावर अण्णांनी मान वर करून गुच्छ पुन्हा नीट पाहिला. "म्हणजे खंडानं, ठरल्या वाट्यावर लावलेलं रान," ते म्हणाले. मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. ही झाडं वर्षाला दोन-तीन इंचसुद्धा मुश्किलीने वाढतात. इथून उत्तरेला सीमा डोम नावाच्या उंचवट्यावर 2020 च्या ऑगस्टमध्ये वीज पडून वणवा पेटला आणि अंदाजे 13 लाख जोशुआ झाडं गेली. तो आकडा मला झाडाखाली उभं राहिल्यावर कळला. घरी वाचताना कळला नव्हता.

दुपारी दक्षिणेकडे उतरलो तशी ही झाडं संपली. मोहावी वाळवंट मागे पडलं आणि खालचं, जास्त उष्ण कोलोराडो वाळवंट सुरू झालं. तिथल्या चोया निवडुंगाच्या बागेत लेकाच्या बुटाला एक गोळा चिकटला. काट्यांना उलट्या कुसळा असतात, त्यामुळे हाताने ओढला तर तो हातात रुततो. कंगव्याचे दात खाली सरकवून झटका दिला तेव्हा सुटला. इकडे येणार असाल तर कंगवा खिशात असू द्या.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला केल्सोच्या टेकड्या. साडेसहाशे फूट उंच नुसती वाळू! माथ्यावरून लेक घसरला आणि पायाखालून विमानासारखी घरघर उठली. कोरडे कण एकमेकांवरून घसरताना हा आवाज होतो. अण्णा पायथ्याशी बसून वाळू बोटांतून सोडत होते. ही वाळू मोहावी नदीने आणलेली, मग वाऱ्याने इथवर वाहून नेलेली, असं मी सांगितलं. नदी कुठाय, त्यांनी विचारलं. बहुतेक ठिकाणी ती जमिनीखालून वाहते, म्हटल्यावर ते म्हणाले, "मग माणगंगाच की."

संध्याकाळी डेथ व्हॅलीत बॅडवॉटरला पोहोचलो. जमीन समुद्रसपाटीखाली 282 फूट, आणि समोर टेलिस्कोप पीकचं बर्फाळ शिखर 11,049 फुटांवर. पायाखाली मिठाच्या षटकोनी कडा करकरत होत्या. अण्णांनी बोट टेकवून चाखलं. पश्चिमेकडून येणारे ढग सिएरा नेवाडापासून एकेका डोंगररांगेवर रिकामे होत येतात. इथे वर्षाला जेमतेम 2 इंच पाऊस पडतो. हे अण्णांना समजवावं लागलं नाही. महाबळेश्वर धो-धो भिजत असताना म्हसवडच्या कोरड्या आभाळाकडे बघत त्यांचे किती तरी श्रावण गेले होते.

रात्री टेक्सास स्प्रिंगला आमटी-भात झाला. आकाशगंगा दिसेपर्यंत कोणी तंबूत गेलं नाही.

शेवटच्या सकाळी मेस्किट फ्लॅटच्या वाळूत एका काटेरी झाडाखाली अण्णा वाकले आणि वाळलेली शेंग उचलून ओरडले, "अगं, ही तर आपली वेडी बाभूळ!" खरोखरच तिची सख्खी बहीण. आमच्याकडे मेंढरं या शेंगा खातात आणि माणसं त्या झाडाला शिव्या देतात. इथले तिंबिशा शोशोनी लोक याच शेंगा कुटून पीठ करत, उन्हाळ्यात डोंगरावर जात आणि थंडीत खाली येत. 1933 मध्ये सरकारने ही जागा राष्ट्रीय स्मारक ठरवली तेव्हा त्यांना विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या जमिनीचा काही भाग त्यांना कायद्याने परत मिळायला 2000 साल उजाडलं.

अण्णा बराच वेळ शेंग हातात फिरवत राहिले. "पीठ करत होते," ते स्वतःशीच म्हणाले. लेकाला ती घरी न्यायची होती. "नाही रे," म्हणत अण्णांनी ती जिथून उचलली होती तिथेच, झाडाच्या सावलीत ठेवली.