माझा अनुभव: वेब एजंट अर्ध्या तासात बसला, लोड बॅलन्सरने मात्र रडवलं

ओपनएएम म्हणजे अनेक साइट्सचं लॉगिन एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि त्याचा वेब एजंट म्हणजे साइटच्या दारात बसून लॉगिन न केलेल्यांना लॉगिनकडे पाठवणारा पहारेकरी. अपाचे या वेब सर्व्हरवर तो बसवणं हे मुळात अर्ध्या तासाचं काम. ओपनएएमच्या कन्सोलमध्ये एजंटचं प्रोफाइल बनवायचं, पासवर्ड एका फाइलीत ठेवायचा, एजंटअ‍ॅडमिन ही बसवायची कमांड चालवून ती विचारेल त्याची उत्तरं द्यायची, अपाचे रीस्टार्ट करायचा. संपलं. मला लिहायचंय ते पुढच्या भानगडीबद्दल, कारण ती आठवली की अजूनही डोकं फिरतं.

आम्ही हिंजवडीत, क्लायंटचे सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि नेटवर्क सांभाळणारी टीम तिसऱ्याच कंपनीची. एकाच अपाचेवर दोन साइट्स: एक कर्मचाऱ्यांची, एक डीलर्सची. बाहेरून एचटीटीपीएस, ते लोड बॅलन्सरवर (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरकडे वाटून देणाऱ्या यंत्रावर) संपतं आणि आत पोर्ट ८०८० वर साधं एचटीटीपी. एजंट चालू केला आणि ब्राउझर गरगरायला लागला. ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नुसत्या फेऱ्या.

असा लूप दिसला की जो तो कुकीच्या (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) मागे लागतो. आमच्याकडेही तेच झालं. कुकीचं डोमेन बघ, दोन्ही सर्व्हरची घड्याळं जुळतात का बघ. सल्ले चुकीचे नव्हते, पण त्याआधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून एकच गोष्ट पाहावी: या फेऱ्यांत लॉगिन सर्व्हरचा पत्ता येतो का? येत असेल तर दोष कुकीचा किंवा घड्याळाचा. आमच्या फेऱ्यांत तो येतच नव्हता. साइट स्वतःकडूनच स्वतःकडे पाठवत होती, लॉगिनचं पान दिसायच्याही आधी.

म्हणजे गडबड होस्टच्या नावात. एजंटमध्ये एफक्यूडीएन, म्हणजे साइटच्या पूर्ण नावाची, तपासणी असते. विनंती ठरलेल्या नावाने आली नाही, तर तो ब्राउझरला ठरलेल्या नावावर पाठवतो. लोड बॅलन्सर होस्ट हेडर (विनंती कोणत्या नावासाठी आहे ते सांगणारी ओळ) बदलून तिथे सर्व्हरचं आतलं नाव घालत होता. एजंट म्हणायचा, हे नाव चालणार नाही, बाहेरच्या नावाने या. ब्राउझर बाहेरच्या नावाने यायचा, लोड बॅलन्सर पुन्हा आतलं नाव चिकटवायचा. पोस्टमननेच वाटेत पाकिटावरचा पत्ता खोडून नवा लिहावा, तसं.

नेटवर्क टीमकडे तिकीट (तक्रार) टाकलं. उत्तर आलं, ‘सर, आमच्या बाजूने सगळं ओके आहे, अ‍ॅप्लिकेशन टीमने तपासावं.’ पुन्हा टाकलं. पुन्हा ओके. कॉलवर घेतलं तर तिकडचा मुलगा अगदी गोड आवाजात, ‘सर, पिंग तर होतंय ना?’ अरे बाबा, सर्व्हरपर्यंत पोचता येतं एवढंच पिंग सांगतं, त्याचा इथे काय संबंध!

मग वाद घालणं सोडलं. अपाचेच्या लॉगफॉरमॅटमध्ये होस्ट हेडर छापायची सोय आहे, ती चालू केली. लोड बॅलन्सरमधून आलेल्या विनंतीत आतलं नाव छापून आलं. त्याच सर्व्हरवरून, लोड बॅलन्सर टाळून, कर्ल या कमांडने बाहेरचं नाव देऊन विचारलं तर लूप नाही, एजंट ३०२ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’) देऊन नीट लॉगिनकडे पाठवतोय. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून तिकिटाला जोडल्या. त्यानंतर ‘ओके’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. आता म्हणाले, चेंज बोर्डाची मंजुरी लागेल. बोर्ड आठवड्यातून एकदाच बसतं आणि या आठवड्याची बैठक अर्थातच होऊन गेलेली.

आमच्या मॅनेजरचा जीव कासावीस. ‘अरे, तुझ्याच बाजूने काहीतरी कर ना.’ दोन पळवाटा होत्या, दोन्ही खोट्या. एफक्यूडीएन तपासणी बंद केली असती तर लॉगिननंतर ब्राउझर आतल्या नावाकडे गेला असता, आणि ते नाव बाहेर कुणाला सापडत नाही. दुसरी, एजंटमधलं होस्ट ओव्हरराइड, म्हणजे आलेलं नाव सोडून ठरवून दिलेलं नाव धरणं. हे ठरलेलं नाव एजंटच्या यूआरआय प्रिफिक्समधून (एजंटच्या स्वतःच्या पत्त्याच्या सेटिंगमधून) येतं आणि तिथे एकच नाव बसतं. एकच साइट असती तर बिनधास्त केलं असतं. इथे डीलर लोक कर्मचाऱ्यांच्या साइटवर जाऊन पडले असते. मी बसून राहिलो, आणि बसून राहिलो याचं मला समाधान आहे.

थांबलो होतो तेवढ्यात प्रोटोकॉल आणि पोर्टचं ओव्हरराइड चालू करून ठेवलं. नाहीतर एजंटला फक्त ८०८० दिसतो आणि लॉगिननंतर परतीचा पत्ता तो तसाच लिहितो. कॉन्फिगरेशन सेंट्रल, म्हणजे ओपनएएम सर्व्हरवर ठेवलेलं, असेल तर हे कन्सोलमधूनच करायचं, सर्व्हरवरची फाइल बदलून काही होत नाही. आणि हो, तपासताना एजंटचा लॉग डीबगवर नेला असेल तर परत खाली आणा, डिस्क भरते.

बदल झाला, मूळ होस्ट हेडर पुढे यायला लागला आणि दोन्ही साइट्स पहिल्या झटक्यात चालल्या. दुसऱ्या साइटचं नाव एफक्यूडीएन मॅपिंगमध्ये (चालणाऱ्या इतर नावांच्या यादीत) आधीच घातलेलं होतं. तिकिटावर बंद करण्याचं कारण लिहिलं होतं: ‘अ‍ॅप्लिकेशन इश्यू’.

ओपनएएमच्या कुकीचं नाव आयप्लॅनेटडिरेक्टरीप्रो बघून घाबरू नका. आयप्लॅनेट हे सन आणि नेटस्केपच्या युतीचं जुनं नाव. २०१० मध्ये ओरॅकलने सन ही कंपनी घेतली, सनच्या ओपनएसएसओचं ओपनएएम झालं, कुकी मात्र तीच राहिली.

एक राहिलंच. लोड बॅलन्सर ज्या पानावर सर्व्हर जिवंत आहे का बघतो, ते पान एजंटच्या ‘नॉट एनफोर्स्ड’ (लॉगिन न विचारायच्या पानांच्या) यादीत घाला. नाहीतर त्याला २०० (‘ठीक आहे’) ऐवजी ३०२ मिळतो आणि तो चांगला चालणारा सर्व्हर बाहेर काढतो. मग पुन्हा त्याच टीमला तिकीट.