शाईचा ठिपका

संभाव्यतेचा पहिला तास मला झोपेतही घेता येईल, असं मला वाटायचं. दोन नाणी फेकली की फळ्यावर चार निष्पत्ती लिहायच्या: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. मुलं उतरवून घेतात आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

त्या दिवशी खडू हातात घेण्याआधी सहज विचारलं, "दोन नाणी एकदम फेकली, तर एक छापा आणि एक काटा पडण्याची शक्यता किती?"

मागच्या बाकावरचा एरवी गप्प असणारा मुलगा म्हणाला, "एक तृतीयांश. दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एकेक. तीनच प्रकार आहेत ना सर?"

अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. 'चूक' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. "एकेक दोन प्रकारे पडतं. छाका आणि काछा." वर्ग हसला, पण तो मुलगा हसला नाही. "नाणी हुबेहूब सारखी आहेत. छाका कुठला आणि काछा कुठला, तू ओळखून दाखव."

आणि मी गप्प झालो. इतकी वर्षं त्या चार जोड्या फळ्यावर लिहिल्या, पण मधल्या दोन वेगळ्या का मोजायच्या, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून कधी सांगितलं नव्हतं.

म्हटलं, फेकून बघू. छत्तीस मुलं, अठरा जोड्या, प्रत्येकीने वीस वेळा फेकायचं. पुढची दहा मिनिटं वर्गात नुसता खणखणाट. एक नाणं कपाटाखाली गेलं ते गेलंच. पहिल्याच जोडीने आकडा सांगितला: विसात सहा वेळा 'एकेक'. "बघा! तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ!" मागच्या बाकावरून आरोळी आली. पाठोपाठ दुसऱ्या जोडीचे निघाले चौदा. मग बारा, नऊ, अकरा. सगळ्यांची बेरीज झाली तेव्हा 360 पैकी 186 वेळा 'एकेक' पडलं होतं. एक तृतीयांश म्हणजे 120. त्याच्या आसपाससुद्धा नाही.

मुलगा आकड्यांकडे बघत राहिला. "पडलं खरं. पण का? आपण त्यांना वेगळं समजतो, हे नाण्यांना कुठे माहीत आहे?"

याहून चांगला प्रश्न मला त्या वर्षभरात कोणी विचारला नाही. उत्तर देण्याऐवजी मी पेनने एका नाण्यावर दोन्ही बाजूंना छोटा ठिपका काढला आणि दोन्ही नाणी त्याच्या हातात दिली. "आता?"

"आता ओळखता येतात. आता चार."

"आणि ठिपका नव्हता तेव्हा तीन?"

तो नाणी तळहातावर उलटसुलट करत राहिला. मग हळूच म्हणाला, "शाईने नाण्याचं पडणं थोडंच बदलतंय." थोडं थांबून पुढे म्हणाला, "म्हणजे आधीही चारच होते. मला दिसत तीन होते."

समसंभाव्य निष्पत्तींची, म्हणजे घडण्याची शक्यता सारखीच असलेल्या निकालांची, व्याख्या मी त्यानंतर फळ्यावर लिहिली. एरवी ती तासाच्या सुरुवातीला लिहितो.

दुसऱ्या दिवशी फासे नेले. दोन फाशांवर बेरीज 11 येणं सोपं की 12? कलनशास्त्राच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझने 1714 मधल्या एका पत्रात दोन्ही सारखंच सोपं म्हटलं होतं, हे आधी सांगितलं नाही. मुलं दबून जातात. बहुतेकांनी लगेच ओळखलं: पाच-सहा आणि सहा-पाच, म्हणून 11 साठी छत्तीसपैकी दोन, 12 साठी एक.

तेवढ्यात कालची 'छाका-काछा'वाली मुलगीच अडली. "मग सहा-सहासुद्धा दोनदा का नाही मोजायचं?"

मी तोंड उघडण्याआधीच मागच्या बाकावरून तो मुलगा पेन घेऊन पुढे आला. एका फाशावर ठिपका काढला, दोन्ही फासे तिच्यासमोर सहा वर करून ठेवले आणि म्हणाला, "यावर सहा, त्यावर सहा. आता दुसऱ्या प्रकारे ठेवून दाखव."