रानजाई

रानजाई म्हणजे आमचा दादाच. परवापासून मनात नुसतं घोळतंय, आज लिहूनच काढते.

आमच्या टोपणनावांच्या ग्रुपवर सीतादहीच्या पूजेचा विषय निघाला होता. कापसाचा पहिला वेचा घ्यायच्या आधी कोणाकडे काय करतात, असं सगळे आपापलं सांगत होते. रात्री उशिरा रानजाईनं लिहिलं, 'आमची माय साऱ्यांचा निवद झाला का एक घास पदराआड वेगळा काढे. तो एका झाडाखाली नेऊन ठेवे. कोणासाठी, ते तिनं कधी सांगितलं नाही.'

मोबाईल हातातून खाली ठेवला. मायनं सांगितलं नव्हतंच, आम्ही दोघा भावंडांनी ओळखलं होतं. आता ते ठाऊक असणारं तिसरं कोणी उरलेलं नाही. त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

दादा फोनवर पऱ्हाटी, बोंडअळी आणि 'मजूर भेटत नाही' याच्यापुढे कधी जात नाही. माय गेली त्या दिवशीही तो सरपणाचंच बोलत होता. तोच माणूस बाईच्या नावानं अनोळखी लोकांना मायचा पदर सांगतो, आणि मला नाही. हेच टोचतंय. सख्खी बहीण असून मला नाही.

टोपणनावाची अट आमचीच. नंबर लपवता येतो म्हणून तर टेलिग्रामवर गेलो. चार गावांतली माणसं. आडनाव कळलं की जात कळते, आणि मग काय बोललं याला किंमत राहत नाही, कोण बोललं तेवढंच पाहतात. म्हणून कोणी पळस, कोणी धुरा, कोणी भारद्वाज. मी टिटवी. टिटवी जे बोलते ते या घरात मी कधी बोलले नाही.

भारद्वाज मागे म्हणाले होते, आपल्या भागाला हे नवं नाही. यावलीच्या माणिकला आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटलं, शेंडगावचा डेबूजी लोकांचा गाडगेबाबा झाला. गडकऱ्यांनी तर कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम अशी दोन नावं घेतली. १९१९ मध्ये ते गेले तेही आपल्या सावनेरला. तेव्हा ऐकायला छान वाटलं होतं. आता वाटतं, त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला कोण येत असेल? कविता लिहिणारा, की आणखी तिसराच?

बहीण म्हणून माझ्याजवळ त्याला बोलावंसं का वाटू नये? राखीला मी जाते, तो डब्यात तूर भरून देतो, गाडीत बसवून देतो, आणि झालं. रात्रभर हेच. रडूही आलं.

सकाळी भाकरी थापताना एक आठवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं ते सगळं मी ग्रुपवर लिहिलं होतं, टिटवी म्हणून. माहेरी त्यातलं अक्षर कळू दिलेलं नाही. त्यावर रानजाईनं लिहिलं होतं, 'बाई, आधी जेवून घेत जा. मग काय रडायचं ते रड.' त्या रात्री मी खरंच उठून दोन घास खाल्ले होते. म्हणजे ते दादानं सांगितलं होतं. मायनंही तेच सांगितलं असतं.

त्यानं मला ओळखलं असेल का? नसेल. ओळखलं असतं तर गप्पच झाला असता.

फोन करून विचारलं तर रानजाई ग्रुप सोडून जाईल आणि दादा पुन्हा बोंडअळीवर येईल. म्हणून विचारणार नाही. मला दोघंही हवेत.

आज दुपारी रानजाईचा प्रश्न आला, 'टिटवीताई, तुमच्याकडे निवद कोण ठेवते?'

लिहिलं, 'माहेरी माय ठेवे. आता भाऊ ठेवते. बोरीखाली.'

झाड कोणतं ते त्यानं लिहिलं नव्हतं. पाठवून दिलं. त्याला ओळखायचं तर ओळखू दे.