'प्राइड अँड प्रेज्युडिस': नाती, मिळकत आणि एक विशेषण

इंग्रजी विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी माझी भाची आणि तिच्या काही मैत्रिणी रविवारी आमच्याकडे जमतात आणि आम्ही जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने वाचतो. मुलींच्या हाती असलेल्या गाइडमध्ये कठीण शब्दांचे अर्थ एका जागी, पात्रांची स्वभावचित्रे दुसऱ्या जागी आणि कथानकाचा गोषवारा तिसऱ्या जागी दिलेला आहे. गुण मिळवायला ही मांडणी पुरेशी असेलही, पण १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत पात्राची ओळख पटते ती त्याच्या तोंडी येणाऱ्या शब्दांवरून, आणि तोच शब्द पुढे दुसऱ्या कोणाला लावला गेला की कथानकाने वळण घेतले असे खुशाल समजावे. म्हणून आम्ही एक वही केली आहे. तिच्या प्रत्येक पानावर एकच शब्द असतो आणि त्याखाली तो कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या प्रकरणात वापरला याची नोंद होते.

सर्वांत जास्त वाद झाला तो 'कझिन' या अगदी सोप्या शब्दावर. आमच्या गटातल्या एकीच्या घरी तेलुगू बोलतात, दुसरीच्या घरी कन्नड, बाकीच्या मराठी. सोलापुरात यात नवल काहीच नाही, आणि मामाची मुलगी करणे तर राहोच, प्रत्यक्ष मामाशी लग्न झाल्याची उदाहरणेही यांच्यापैकी काहींच्या नात्यात आहेत. तरीही कादंबरीतली श्रीमंत लेडी कॅथरिन आपल्या मुलीचे नायक डार्सीशी लग्न ठरल्याचे ठणकावून सांगते, तेव्हा सगळ्याच जणी चमकल्या. लेडी कॅथरिन ही डार्सीच्या आईची सख्खी बहीण, म्हणजे त्याची मावशी; आणि मावशीची मुलगी ही आपल्याकडे तिन्ही भाषांमध्ये बहीणच. दोन बहिणींनी मुले पाळण्यात असतानाच हे लग्न योजले होते, असे ती छप्पन्नाव्या प्रकरणात मोठ्या अभिमानाने सांगते, आणि ऑस्टिनच्या समकालीन वाचकाला त्यात खटकण्यासारखे काहीही नव्हते. मिस्टर कॉलिन्सचे प्रकरण त्याहून अवघड. तो बेनेट घराण्याचा दूरचा भाऊबंद, म्हणूनच तर मिळकतीचा वारस. आणि तो बेनेटांची मुलगी, कादंबरीची नायिका एलिझाबेथ हिला मागणी घालतो. भाऊबंदकीतच मागणी घालणारा हा कसला नवरदेव, असे भाचीने विचारले, तेव्हा मी तिला एवढेच सांगितले की कॉलिन्सच्या मते हा त्याचा मोठेपणा आहे: ज्या मुलींचे घर आपल्याकडे येणार, त्यांच्यातलीच एक बायको करून घेतली की नुकसानभरपाई झाली. मूळ शब्दामागचे नेमके नाते शोधले नसते, तर या मागणीतला हिशेब आणि त्या हिशेबाला चढवलेला परोपकाराचा मुलामा आमच्या नजरेतून सुटला असता.

बेनेट कुटुंबाच्या लाँगबोर्न या मिळकतीचे वार्षिक उत्पन्न दोन हजार पौंड, पाच मुली आणि मुलगा एकही नाही. 'एण्टेल' म्हणजे मिळकत पुरुष वारसाकडेच जाईल असा आधीच घालून ठेवलेला बंध, जो मिस्टर बेनेट एकट्याने मोडू शकत नाहीत. मुलगा झाला असता, तर तो सज्ञान झाल्यावर बापलेकांनी मिळून हा बंध काढून टाकला असता. याच भरवशावर त्यांनी कधी शिल्लक टाकली नाही, असे पन्नासाव्या प्रकरणात कळते. हा त्या देशातल्या प्रत्येक मिळकतीला लागू होणारा नियम नव्हता, हेही कादंबरीच सांगते, कारण आपल्या सासरच्या घराण्याला अशी व्यवस्था करण्याची गरज वाटली नाही, असे लेडी कॅथरिन एलिझाबेथला सहज बोलून जाते. मुलींना सातबारा ठाऊक असल्याने हा भाग चटकन समजला. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलाइतका हक्क १९९४ साली मिळाला आणि २००५ साली केंद्राच्या कायद्याने तो देशभर आला, हे मी सांगितले, त्यावर एकीने शांतपणे विचारले की मग माझ्या आईने हक्कसोडपत्र का केले. माहेर तुटू नये म्हणून, हे उत्तर तिला माहीत होतेच. त्या दिवसापासून मिसेस बेनेटना आमच्या बैठकीत कोणी केवळ मूर्ख म्हणत नाही. त्या आचरट आहेत, गावभर बोभाटा करतात, पण नवरा मेल्यावर आपण आणि मुली कुठे राहणार, ही त्यांची चिंता घरातल्या विद्वान माणसाच्या थट्टेपेक्षा अधिक शहाणी आहे.

एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकास हिचा निर्णयही याच चिंतेतून झाला. सत्तावीस वर्षांची, देखणी नाही, पैसा नाही; एलिझाबेथने नाकारलेला कॉलिन्स तीन दिवसांच्या आत तिला मागणी घालतो आणि ती होकार देते. तिला दोष द्यायला आमच्यापैकी कोणीच तयार झाले नाही.

वहीतले मला सर्वांत आवडते पान 'एमिएबल' या शब्दाचे आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ लाघवी, गोड स्वभावाचा असा मिळतो. सोळाव्या प्रकरणात विकहॅम हा तरुण लष्करी अधिकारी डार्सीने आपल्यावर केलेल्या अन्यायाची कहाणी सांगत असताना एलिझाबेथच्या मनात येते की याचा चेहराच याच्या एमिएबल असण्याची साक्ष देतो. साक्ष चेहऱ्याची, आणि तीही पहिल्या भेटीपासूनच आवडलेल्या तरुणाच्या! पुढे चौतिसाव्या प्रकरणात डार्सी मागणी घालतो, ती धुडकावली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तो एक लांब पत्र तिच्या हाती देऊन निघून जातो. छत्तिसाव्या प्रकरणात बाहेरची घटना जवळजवळ घडतच नाही. एलिझाबेथ ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते आणि विकहॅमविषयी आपल्याला जे माहीत होते, ते सारे त्याने स्वतःच सांगितलेले होते, हे तिच्या ध्यानात येते. गाइडने या प्रकरणाला दोन ओळी दिल्या आहेत, पण मी तर म्हणेन की एकच प्रकरण नीट वाचायचे असेल तर हेच वाचावे. पुस्तक वाचणाऱ्यानेही विकहॅमवर विश्वास ठेवलेला असतो, त्यामुळे एलिझाबेथबरोबर त्यालाही मागची पाने नव्याने वाचावी लागतात.

यानंतर तो शब्द एकोणसाठाव्या प्रकरणात पुन्हा भेटतो, तो डार्सीसाठी. एलिझाबेथ आता डार्सीशी लग्नाला तयार झाली आहे आणि वडिलांना वाटते की मुलगी श्रीमंतीला भुलली. डोळ्यांत पाणी आणून ती सांगते की तो खरोखर एमिएबल आहे, तुम्ही त्याला ओळखत नाही. तोवर तिच्याजवळ चेहऱ्याखेरीज पुष्कळ पुरावा जमलेला असतो. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकहॅमबरोबर पळून गेल्यावर डार्सीने गाजावाजा न करता त्याचे हजार पौंडांहून अधिक कर्ज फेडले, लिडियाच्या नावे आणखी एक हजार ठेवले आणि त्याला सैन्यातली नेमणूक विकत घेऊन दिली. लग्न ठरल्याचे कळताच मिसेस बेनेट लिडियाच्या बस्त्याच्या विचारात हरवल्या होत्या आणि मिस्टर बेनेटनी त्यासाठी एक गिनीही देणार नाही असे बजावले होते. हे सारे पैसे मेव्हण्याने भरले असे मिस्टर बेनेट समजत होते; आता ते होणाऱ्या जावयाचे होते हे ऐकून त्यांना हायसे वाटते. मेव्हण्याचे असते तर फेडावेच लागले असते; डार्सीला मी उद्या पैसे देऊ करीन, तो तुझ्यावरच्या प्रेमाची भाषणे ठोकील आणि विषय तिथेच संपेल, असे ते हसत हसत म्हणतात. मुली या वाक्यावर खळखळून हसल्या. मीही हसले, पण वहीत मिस्टर बेनेटच्या पानावर हे वाक्य लिहिताना भाचीने त्याखाली 'फुकटचा विनोद' अशी टीप जोडली, ती मी खोडायला सांगितली नाही.