उसना गोलरक्षक : जिमी ग्लास

शाळेत आणि नंतर कॉलेजच्या संघात मी काही वर्षे गोलरक्षक होतो. फुटबॉलचा कोणताही सामना पाहताना चेंडूच्या आधी गोलरक्षकाकडे पाहण्याची सवय तेव्हापासून लागली, ती अजून सुटलेली नाही. इंग्लंडच्या जिमी ग्लास या गोलरक्षकाने मे १९९९ मध्ये शेवटच्या क्षणी स्वतः गोल करून कार्लाइल युनायटेड या क्लबाला लीगबाहेर जाण्यापासून वाचवले. त्या प्रसिद्ध गोलाची चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे, पण दर वेळी मन रेंगाळते ते त्या गोलाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांपाशी. ज्या गोलरक्षकाचे नाव इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षांनंतरही आदराने घेतले जाते, त्याला त्या गोलानंतर कोणत्याही क्लबात गोलरक्षक म्हणून स्थिर जागा मिळाली नाही. ही गोष्ट मला कधीच नीट पचलेली नाही, म्हणून आज त्याच्या कारकिर्दीविषयी लिहीत आहे.

आधी इंग्लंडमधील फुटबॉलची थोडी रचना सांगणे आवश्यक आहे. प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या तीन श्रेणी मिळून ९२ क्लब होतात आणि त्यांच्याखाली लीगबाहेरच्या क्लबांचे मोठे जग सुरू होते. त्या जगाच्या सर्वांत वरच्या पायरीला त्या काळी कॉन्फरन्स म्हणत, आज तिला नॅशनल लीग म्हणतात. त्या काळी चौथ्या श्रेणीत तळाला राहिलेला क्लब कॉन्फरन्समध्ये घसरत असे आणि कॉन्फरन्सचा विजेता वर येत असे; ही पद्धत १९८७ पासून सुरू झाली. क्लब खाली गेला की त्याचे उत्पन्न घटते, खेळाडूंचे करार संपतात आणि पुन्हा वर येण्याची काहीही शाश्वती नसते. या सगळ्या क्लबांमध्ये गोलरक्षकाची अडचण आणखी वेगळी असते. बचावपटूला प्रसंगी मधल्या फळीत खेळवता येते, मधल्या फळीतल्याला पुढे पाठवता येते. गोलरक्षकाची जागा मात्र एकच आणि तिथे कुणी पाय रोवलेला असेल तर दुसऱ्याने वर्षानुवर्षे बाकावर बसायचे किंवा दुसऱ्या क्लबाकडे उसने जायचे, म्हणजे मूळ क्लबाचा राहून काही काळ दुसऱ्याकडून खेळायचे, एवढेच त्याच्या हाती उरते.

ग्लासच्या वाट्याला हे अगदी सुरुवातीपासून आले. १ ऑगस्ट १९७३ रोजी सरे परगण्यातील एप्सम येथे जन्मलेला हा मुलगा क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या क्लबात घडला, पण तिथे गोलपोस्टमध्ये नायजेल मार्टिन उभा होता. पॅलेसने त्याला १९८९ मध्ये दहा लाख पौंड देऊन घेतले होते आणि ब्रिटनमध्ये एवढी किंमत मिळालेला तो पहिला गोलरक्षक होता. पुढे तो इंग्लंडकडूनही खेळला. अशा खेळाडूच्या मागे राखीव म्हणून राहिलेल्या ग्लासला पॅलेसकडून लीगचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. दररोज सराव करायचा, शनिवारी सामना पाहायचा आणि सोमवारी पुन्हा सरावाला यायचे, असे हे जिणे. पोर्ट्समथकडे उसना म्हणून गेल्यावर त्याला लीगचे पहिले सामने मिळाले.

१९९६ मध्ये तो बोर्नमथकडे गेला आणि तिथली दोन वर्षे हाच माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा खरा गाभा आहे, जरी त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. हा क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता आणि कर्जात इतका बुडाला होता की जानेवारी १९९७ मध्ये तो वाचवण्यासाठी गावकऱ्यांनी सभा भरवली आणि बादल्या फिरवून पैसे गोळा केले. त्या संघात ग्लास दोन हंगाम जवळजवळ सतत खेळला आणि त्याने लीगचे नव्वदहून अधिक सामने केले. गोलरक्षकाला सलग सामने मिळाले की तो आपल्या बचावपटूंना आवाजावरून ओळखू लागतो, आणि पुढे येऊन चेंडू पकडायचा की मागेच थांबायचे, हा निर्णय त्याच्या अंगात मुरतो. ग्लासला हे सुख आयुष्यात तेवढेच लाभले.

एप्रिल १९९८ मध्ये हा संघ वेम्बलीवर पोहोचला. खालच्या दोन श्रेणींतील क्लबांसाठी असलेल्या ऑटो विंडस्क्रीन्स शील्डचा तो अंतिम सामना होता, समोर ग्रिम्सबी टाउन होते आणि मैदानात साठ हजारांवर प्रेक्षक होते. बोर्नमथने आघाडी घेतली. पुढे ग्रिम्सबीची बरोबरी झाली आणि तो गोल ग्लासच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला. मग जादा वेळेत गोल्डन गोलने, म्हणजे ज्या पहिल्या गोलाबरोबर सामना तिथेच संपतो त्या गोलाने, बोर्नमथ हरले. त्याच वेम्बलीवर, त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, एक वर्ष आधी कार्लाइल युनायटेडच्या टोनी केगने पेनल्टी अडवून आपल्या संघाला शील्ड मिळवून दिली होती. या दोन गोलरक्षकांची नावे पुढे एका विचित्र धाग्याने जोडली गेली, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्या उन्हाळ्यात ग्लास एक श्रेणी वर, स्विंडन टाउनकडे गेला. वर जाण्याची संधी सोडणारा खेळाडू विरळाच, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही, पण तिथे त्याची जागा पक्की झाली नाही आणि हंगाम संपत आला तेव्हा तो पुन्हा संघाबाहेर बसला होता.

इकडे स्कॉटलंडच्या सीमेजवळचे कार्लाइल चौथ्या श्रेणीच्या तळाशी धडपडत होते. १९२८ पासून लीगमध्ये असलेल्या आणि ऑगस्ट १९७४ मध्ये काही दिवस का होईना इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत अग्रस्थानी राहिलेल्या या क्लबाने मार्च १९९९ मध्ये टोनी केगला ब्लॅकपूलकडे जाऊ दिले. त्याच्या जागी डर्बीहून उसन्या आणलेल्या गोलरक्षकाला डर्बीने परत बोलावले आणि हंगामाचे शेवटचे सामने तोंडावर असताना कार्लाइलकडे गोलपोस्टमध्ये उभा करायला माणूस उरला नाही. उसने खेळाडू घेण्याची मुदत टळून गेली होती. लीगने विशेष परवानगी दिली आणि तीन सामन्यांपुरता जिमी ग्लास इंग्लंडच्या दक्षिणेकडून उत्तर टोकाला आला.

८ मे १९९९ या हंगामाच्या शेवटच्या दिवशी तळाच्या कार्लाइलचे ४६ गुण होते आणि त्याच्या वरच्या स्कारबरो या क्लबाचे ४७; दोघांपैकी जो मागे राहील तो लीगबाहेर जाणार होता. ब्रंटन पार्क या आपल्या मैदानावर कार्लाइलसमोर प्लिमथ होते. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला प्लिमथने गोल केला, नंतर डेव्हिड ब्राइटवेलने लांबून मारलेल्या फटक्यावर कार्लाइलने बरोबरी साधली आणि मग घड्याळ पुढे सरकत राहिले. तिकडे स्कारबरोचा सामना १-१ असा सुटला. त्यांचे लोक मैदानात उतरून आनंद साजरा करत कार्लाइलच्या निकालाची वाट पाहत होते. भरपाई वेळेतले काही क्षण उरले असताना कार्लाइलला कॉर्नर मिळाला. व्यवस्थापक नायजेल पिअर्सन यांनी इशारा केला आणि लाल जर्सीतला ग्लास आपला गोलपोस्ट मोकळा सोडून संपूर्ण मैदान धावत ओलांडून गेला. ग्रॅहम अँथनीने कॉर्नर घेतला, स्कॉट डोबीने हेडर मारला, प्लिमथच्या गोलरक्षकाने तो अडवला आणि सुटलेला चेंडू धावत आलेल्या ग्लाससमोर पडला. त्याने उजव्या पायाने तो जाळ्यात धाडला. हा फटका हुकला असता तर त्याला दुसरी संधी नव्हती.

चित्रफीत पाहताना मी इथे नेहमी प्लिमथच्या गोलरक्षकाकडे पाहतो. त्याचे नाव जेम्स डंजी. जवळून आलेला हेडर त्याने प्रतिक्षिप्त क्रियेने अडवला होता आणि तो बचाव चांगला होता, हे मी आग्रहाने सांगेन. चेंडू हातातून निसटून कुठे पडेल हे अशा वेळी गोलरक्षकाच्या ताब्यात नसते; आणखी वीतभर बाजूला पडला असता तर एखाद्या बचावपटूने तो दूर मारला असता आणि कार्लाइल लीगबाहेर गेले असते. ग्लासही गोलरक्षकच असल्यामुळे अडवलेला चेंडू साधारण कुठे सांडतो, याचा अंदाज त्याला इतर कुणाहून अधिक असावा, असे मला वाटते. हे माझे निव्वळ अनुमान आहे, पण त्या धावेतला त्याचा नेमकेपणा पाहून ते सोडवत नाही.

कार्लाइल ४९ गुणांवर गेले, स्कारबरो ४८ वर राहिले. १९८७ मध्ये नव्या पद्धतीने कॉन्फरन्समधून थेट वर आलेला पहिला क्लब स्कारबरो हाच होता आणि त्याच पद्धतीने तो आता खाली गेला. त्याला पुन्हा वर येता आले नाही. २००७ मध्ये तो क्लब दिवाळखोरीत बंद पडला. एका गोलाचे दुसरे टोक इतके लांब पोहोचते, आणि स्कारबरोच्या लोकांना ग्लासचे नाव कसे ऐकू येत असेल याचा विचार केल्याशिवाय मला या गोलाचा पुरता आनंद घेता येत नाही.

ग्लास मात्र कार्लाइलमध्ये राहिला नाही. उसनवारी संपली, तो स्विंडनला परतला आणि तिथून केंब्रिज युनायटेड, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड युनायटेड असा फिरत राहिला. या सर्व क्लबांत मिळून त्याच्या वाट्याला आलेले लीगचे सामने हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके थोडे होते. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी पहिला गोलरक्षक आधीच होता, आणि गोल केलेला गोलरक्षक म्हणून मिळालेली कीर्ती गोल अडवण्याच्या जागेसाठी उपयोगी पडत नव्हती. मग तो लीगबाहेर, क्रॉली टाउन आणि सॉल्सबरी अशा क्लबांत खेळला. सत्ताविसाव्या वर्षीच त्याची व्यावसायिक कारकीर्द संपली. अनेक गोलरक्षक त्या वयात कुठे बहरायला लागतात.

पुढे त्याने डॉर्सेट परगण्यात टॅक्सी चालवली. बोर्नमथ प्रीमियर लीगमध्ये पोहोचल्यावर त्याच क्लबाने त्याला खेळाडूंच्या घरच्या आणि रोजच्या अडचणी सोडवण्याच्या कामावर घेतले, हे वाचून मला मनापासून समाधान वाटले. नव्या गावात नव्याने आलेल्या खेळाडूचे काय होते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

कार्लाइल २००४ मध्ये अखेर लीगबाहेर गेले, पुढच्याच वर्षी परतले आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली गेले. त्या क्लबाच्या नोंदींत ग्लासच्या नावापुढे तीन सामने आणि एक गोल आहे. गोल झाल्यावर प्रेक्षक मैदानात धावून आले आणि तो त्या गर्दीत दिसेनासा झाला. पण सामना अजून संपला नव्हता. मैदान मोकळे झाले, पंचांनी खेळ पुन्हा सुरू केला, आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत उरलेल्या त्या काही सेकंदांसाठी ग्लासला आपल्या गोलपोस्टकडे परत जावे लागले.