दसऱ्यानंतरचा बुधवार आणि एक रेडबड

2020 चा दसरा रविवारी आला होता, 25 ऑक्टोबरला. अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटीत आपटा कुठनं मिळणार, त्यामुळे मी इथे आल्यापासून दरवर्षी रेडबडची पानं सोनं म्हणून वाटते. उगीच दिसतात बरी म्हणून नाही हां, रेडबड खरंच आपट्याच्या नात्यातला आहे. आपटा, कांचन आणि रेडबड तिघं शेंगावाल्या कुळातल्या एकाच उपकुळातले, आपट्याचं पान मधे चिरून जोडपान होतं आणि रेडबडचं चिरत नाही, अख्खं बदामाच्या आकाराचं राहतं, पण देठाशी शिरा कशा पंजासारख्या फाकतात ते दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. त्या वर्षी कोविडमुळे कोणाकडे जायचं नव्हतं म्हणून आम्ही घरातल्या घरातच एकमेकांना पानं दिली, थोडी पिवळी पडायला लागलेली, थोडी हिरवीच. ऑक्टोबरच्या शेवटी इथली बहुतेक झाडं अशीच असतात, पानगळ व्हायची असते अजून. पुढे जे झालं ते नेमकं यामुळेच झालं.

मी आर्बोरिस्ट आहे. कोल्हापूरला बीएस्सी ॲग्री केलं, मग इकडे हॉर्टिकल्चर, आणि आता बरीच वर्षं एका ट्री केअर कंपनीत झाडं तपासणं, छाटणं, पडायला आलेली उतरवणं हे काम करते. गावाकडे अजूनही सांगावं लागतं की झाडाचा डॉक्टर म्हण हवं तर.

सोमवारपासून बर्फाचा पाऊस सुरू झाला. हा बर्फ भुरभुर पडणारा नसतो. वरून साधं पाणीच येतं पण जमिनीजवळची हवा शून्याखाली असल्यामुळे थेंब ज्याला शिवेल त्याच्यावर तिथल्या तिथे गोठतो. जानेवारीत असं झालं तर झाडं उघडी असतात, काड्यांभोवती काचेच्या नळीसारखा बर्फ बसतो आणि बरीचशी झाडं ते सोसतात. पण ऑक्टोबरात अंगावर सगळी पानं, आणि एकेका पानावर बर्फाची थाळी, म्हणजे किती वजन वाढलं विचार करा. सोमवारी रात्रीपासून फांद्या मोडायचे आवाज यायला लागले, आधी कडकड आणि मग झुंबर फुटल्यासारखा बर्फ खाली सांडायचा, रात्रभर, कधी लांबून कधी शेजारून. मी झोपलेच नाही. आवाजावरून झाड ओळखायचा प्रयत्न करत होते, हा एल्म असेल, हा पेकन, कारण गल्लीतलं एकेक झाड मला माहितीये. राज्यात 3 लाखांवर ग्राहकांची वीज गेली, काही जणांकडे आठवडाभराहून जास्त आली नाही.

बुधवारी आमच्या गाडीला जी यादी मिळाली त्यात सातवा पत्ता बघून पोटात गोळा आला. ते घर मी 2018 मधे पाहिलं होतं, मागच्या अंगणातल्या पेकनसाठी गेले होते. तेव्हा पुढच्या दारातला रेडबड पण पाहिला होता, कमरेच्या उंचीवरून तीन खोडं निघालेली, आणि तिन्हींची बेचकी इंग्रजी व्हीसारखी अरुंद. अशा बेचकीत दोन खोडं जाड होत जातात तशी मधली साल आत दाबली जाते, लाकूड लाकडाला जुळतच नाही, बाहेरून एकजीव वाटतं आणि आत नुसती फट असते. रेडबडमधे हे फार वेळा दिसतं. लहान असताना एक खोड कमी केलं तर प्रश्न मिटतो, मोठं झाल्यावर निदान वर केबल तरी बांधता येते. मला त्या दिवशी दिसलं होतं आणि मी बोलले नाही, कारण बोलावलं पेकनसाठी होतं आणि पुढच्या कामाला उशीर होत होता. हे माझंच चुकलं होतं, आणि गाडीत बसल्या बसल्या तेच डोक्यात फिरत होतं.

पोचलो तर तिघांतलं पूर्वेकडचं खोड मुळापासनं नाही पण बेचकीपासनं फाटून पोर्चच्या छपरावर आडवं झालेलं. उरलेली दोन उभी होती पण एकमेकांपासून लांब झुकलेली, मधे दोन बोटं जाईल एवढी चीर, वरच्या भागात काळी जुनी साल आणि खाली वीतभर ताजं फाटलेलं पांढरट ओलं लाकूड. आधी तारा बघितल्या. घरात येणारी सर्व्हिस वायर दुसऱ्या बाजूने होती, सुटलो म्हटलं, कारण त्या आठवड्यात निम्म्या ठिकाणी वीज कंपनीची माणसं येईपर्यंत आम्हाला फांदीला हात लावता येत नव्हता.

घरमालकीणबाई स्कूलबस चालवतात, साठीच्या असतील. जाड कोट घालून पोर्चवर उभ्या होत्या आणि पहिलंच वाक्य, "सगळं कापून टाका, मला रोज बघवणार नाही." मग आपणहून सांगायला लागल्या की मुलगी दुसरीत असताना 1998 मधे शाळेत रोपं वाटली होती, ओल्या कागदात गुंडाळलेली हातभर काडी, तीच ही. रेडबड 1937 पासून ओक्लाहोमाचा राज्यवृक्ष आहे, आपल्याकडे आंबा आहे तसा, त्यामुळे इथे तो अंगणाअंगणात दिसतो.

आता व्यवहार असा की सगळं कापायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली असती आणि यादीत अजून बरेच पत्ते होते, ऑफिसचा निरोप पण हाच की धोका काढा आणि पुढे व्हा. मी म्हटलं आधी छपरावरचं उतरवू. हे काम दिसतं तेवढं सोपं नसतं, बर्फाच्या वजनाने वाकलेल्या लाकडात ताण भरलेला असतो, चुकीच्या बाजूने करवत घातली की फांदी धनुष्यासारखी सुटते आणि माणसाला लागते. माझा जोडीदार खाली होता, तो ईशान्य मेक्सिकोतला, त्याच्या डोंगरात पण रेडबड होतो पण पान लहान, जाड, चकचकीत, कडा लाटांसारखी. इथे ओक्लाहोमातल्या अर्बकल डोंगरात पण तसल्या पानांचे आहेत, कोरड्या खडकाळ जागेतले. आम्ही टोकाकडून थोडं थोडं वजन कमी करत आलो, दोराने बांधून एकेक तुकडा खाली सोडला, वरून सारखे बर्फाचे तुकडे हेल्मेटवर पडत होते.

खाली पडलेल्या फांदीजवळ बाई येऊन बसल्या. मी पण मिनिटभर टेकले. एका पानावरचा बर्फ मी सहज अंगठ्याने सोडवला तर अख्खी थाळीच निघून आली, बदामाच्या आकाराची, आणि तिच्यात पानाची शीर अन् शीर उमटलेली. त्या पानाच्या कडेला पानकापी माशीने उन्हाळ्यात कापलेला गोल होता, कंपासने काढल्यासारखा, बर्फाने तोसुद्धा जसाच्या तसा उतरवला होता. ही माशी तेवढा तुकडा नेऊन पिलांची घरटी वळते, झाडाचं त्यात काही बिघडत नाही, रेडबडचं मऊ पान तिला फार आवडतं. बाईंना मी ती थाळी दिली आणि खालचं पान पण दिलं. का कोण जाणे पण सांगून टाकलं की आमच्याकडे रविवारी सण झाला, त्या दिवशी याच्याच भावकीतल्या झाडाचं पान मोठ्यांना देऊन नमस्कार करतात आणि त्याला सोनं म्हणतात. त्यांनी पान उलटंपालटं करून बघितलं, कोटाच्या खिशात ठेवलं, म्हणाल्या, "मग हे पण वाचतंय का ते बघा ना एकदा."

म्हणून मी नीट बघितलं. उभ्या दोन्ही खोडांची साल नखाने खरवडली तर खाली हिरवी ओली. लाकडी हातोडीने बुंध्यावर ठोकून पाहिलं, पोकळ आवाज नाही. सालीवर कुठे खोलगट काळे चट्टे नाहीत, म्हणजे कँकर नाही, या झाडाला तो आणि व्हर्टिसिलियम बुरशीची मर दोन मोठे शत्रू. आणि पोर्चवरची फांदी उतरल्यावर, हे पडलंच तरी हिरवळीवर पडणार होतं, उंची जेमतेम सात मीटर. मी जोडीदाराला म्हटलं रॅचेट स्ट्रॅप आण, म्हणजे खटक्याने आवळायचा पट्टा. दोन्ही खोडांना खाली जुन्या रबराच्या पट्ट्या लावून हळूहळू ओढून बांधली, चीर निम्मी मिटली. बर्फ वितळून वजन उतरेपर्यंत एवढंच. झाड हलवून किंवा काठीने मारून बर्फ पाडायचा नाही हे पण बाईंना बजावलं, शेजारच्या घरी तेच चाललं होतं.

निघताना त्यांनी विचारलं येत्या वसंतात फुलेल का. मी कापलेल्या खोडावर त्यांना दाखवलं, मनगटाहून जाड लाकूड, त्याच्या खडबडीत सालीतून बारीक काळपट लाल कळ्यांचे झुबके डोकावत होते. रेडबडचं हेच विशेष, आपल्या फणसाला किंवा उंबराला कशी खोडातनंच फळं येतात तशी याला जुन्या खोडातनंच फुलं येतात, पानं यायच्या आधी, अख्खं झाड काड्यांपासून खोडापर्यंत गुलाबी-जांभळं. नाव रेडबड असलं तरी लाल नाही, आपल्या ताम्हणाच्या जवळपासचा रंग. पण या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. म्हणजे एप्रिलमधे झाड फुललं याचा अर्थ एवढाच की गेल्या उन्हाळ्यात त्याचं बरं चाललं होतं. मरायला टेकलेला रेडबड पण साठवलेल्या जोरावर भरभरून फुलतो, लोक खूष होतात आणि जूनमधे आम्हाला फोन येतो की अचानक वाळला. मी त्यांना म्हटलं फुलं बघून मला फोन करू नका, पानं आल्यावर करा.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. चीर कम-अलाँगने, म्हणजे हाताने ओढायच्या छोट्या विंचने, पूर्ण आवळून आरपार दोन भोकं पाडली, अर्ध्या इंची आटे असलेल्या स्टीलच्या सळया, दोन्हीकडे वॉशर आणि नट, आणि वर दोन खोडांमधे केबल. तुटलेल्या जागेचे लोंबते दशे कापून गुळगुळीत केलं, त्यावर रंग, डांबर काही फासलं नाही. पूर्वी फासायचे, त्याने उलट ओल आत अडकते, झाड आपली जखम आपणच कोंडून घेतं. बाईंना स्पष्ट सांगितलं की अंगणातला रेडबड साधारण वीस-तीस वर्षांचा धनी, हे आताच बावीसचं आहे, मी तुम्हाला पन्नास वर्षांची हमी देत नाही.

मग फेब्रुवारी 2021 आला. 16 तारखेला ओक्लाहोमा सिटीत पारा उणे 25 सेल्सिअसपर्यंत उतरला. मी घरात हीटरजवळ बसून त्या चिरेचा विचार करत होते, आत पाणी असेल तर गोठून परत फाकणार.

एप्रिलमधे त्यांनी फोन केलाच. फुललं होतं. मी गेले तर दोन्ही खोडं खालपासून वरपर्यंत भरलेली, वॉशरच्या अगदी कडेला पण एक झुबका, आणि भोवती काळ्या सुतारमाश्या, बंबलबी. एक फूल तोडून बाईंना खायला दिलं, मी पण खाल्लं, कोवळ्या वाटाण्यावर लिंबू पिळल्यासारखी चव, इथले लोक सॅलडमधे घालतात आणि आम्ही कांचनाच्या कळ्यांची भाजी करतो म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. त्या इतक्या आनंदात होत्या की मला परत तेच सांगणं जड गेलं, तरी सांगितलं, पानांची वाट बघू.

मे महिन्यात त्यांनी फोटो पाठवला, दोन पानं, मोजायला शेजारी बसच्या किल्ल्या. पश्चिमेकडच्या खोडाचं पान तळहाताएवढं, दुसऱ्याचं जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं आणि फिकट. जूनपर्यंत थांबलो, पाणी दिलं, मुळांवर लाकडाचा भुगा पसरला खोडाला न चिकटवता. जुलैत त्या खोडाचा शेंडा वाळत खाली यायला लागला. ऑगस्टमधे मी ते सळईच्या वर हातभर ठेवून उतरवलं, तीनपैकी एक उरलं. बाई त्या दिवशी कामावर नव्हत्या, समोर खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसल्या.

एका खोडाचं झाड सुरुवातीला विचित्र दिसलं, एका बाजूला कललेलं. पण मोकळ्या बाजूला त्याने फांद्या काढल्या, दर वर्षी थोड्या. शेंगा पण धरल्या, चपट्या तपकिरी, हिवाळाभर वाजत राहतात. त्यातल्या मूठभर मी घेऊन आले. बी दगडासारखं कठीण, उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवलं, मग ओल्या वाळूत घालून फ्रीजमधे अडीच महिने. अकरातली चार उगवली. एक रोप बाईंना दिलं, पहिल्या झाडापासून बारा पावलांवर लावलंय, आणि या वेळी दोन खोडं व्हायला लागल्याबरोबर मी लगेच जाऊन एक कापलं.

मागच्या खेपेला गेले तर बाईंनी वॉशर दाखवला, अर्धा सालीने गिळलाय, चारी बाजूंनी ओठासारखी कड आलीये. विचारत होत्या आता काढायचा का. म्हटलं अजिबात नाही, राहू द्या आतच.